दिवेलागणीनंतरचा किनारा

मराठी मनातला समुद्र उन्हातला आहे. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनारपट्टीवर ज्यांची हयात गेली त्यांच्या, आणि उन्हाळ्याच्या सुटीत चार दिवस आजोळी राहून जे परतले त्यांच्याही स्मरणात समुद्र उभा राहतो तो माडांच्या मागे चमचमणारा, क्षितिजाची रेघ लख्ख दाखविणारा आणि सायंकाळी सूर्याला सर्वांसमक्ष पोटात घेणारा. पावसाळ्यात त्याचे जे रौद्र रूप दिसते त्यातला अंधूकपणाही सरींचा असतो, धुक्याचा नव्हे. आपल्याकडील छायाचित्रकारांनी हा संस्कार निष्ठेने जपला आहे. सूर्यबिंब पाण्याला टेकले की शटरांची एकच धांदल उडते आणि ते दिसेनासे झाले की सामानाची आवराआवर सुरू होते. प्रस्तुत संग्रहातील छायाचित्रांचा प्रारंभ नेमका या आवराआवरीच्या घटकेला होतो. फरक इतकाच की या चित्रांतल्या किनाऱ्यावर सूर्य मावळताना कोणी पाहिलेलाच नसतो, कारण दुपार कलल्यापासून क्षितिज धुक्याच्या ताब्यात गेलेले असते.

हा किनारा कॅलिफोर्नियाचा, उत्तरेस पॉइंट रेयेस आणि दक्षिणेस पिजन पॉइंट या दोन दीपगृहांमधला, सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरचा. नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने जी हजारो मराठी कुटुंबे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, ज्याला तिकडची मंडळी ‘बे एरिया’ म्हणतात त्या मुलखात, स्थिरावली आहेत त्यांपैकीच संग्रहकर्ते एक. एवढ्या दूरच्या किनाऱ्याचे कौतुक मराठी वाचकाने का करावे, कोकणात काय धुके पडत नाही, असा प्रश्न एखादा रत्नागिरीकर विचारील, आणि त्याचा प्रश्न रास्तच आहे. कोकणात धुके पडते. परंतु ते थंडीतल्या पहाटेचे, खाडीवर आणि खोऱ्यात साचणारे असते. रात्रभर निरभ्र आकाशाखाली जमीन थंड होते, तिला लागून असलेली दमट हवा निवते आणि उजाडताना नारळी-पोफळींच्या कमरेइतका पांढरा थर दिसतो. ऊन वर आले की तास-दोन तासांत तो विरतो. खुद्द समुद्रावर, तेही तिन्हीसांजेला, धुके उभे राहावयाचे तर पाणी थंड असावे लागते, आणि कोकणालगतच्या समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान पंचवीस अंशांखाली क्वचितच उतरते. आपल्या किनाऱ्याजवळ हे दृश्य नाही, यात त्या किनाऱ्याचा दोष नाही. त्याचे पाणीच उबदार आहे.

याच अरबी समुद्राच्या पश्चिम काठावर मात्र हा नियम फिरतो, हे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. जो नैर्ऋत्य मोसमी वारा आपल्याकडे जूनमध्ये पाऊस घेऊन येतो तोच ओमानच्या ढोफार किनाऱ्याला समांतर वाहताना तेथील पृष्ठभागाचे पाणी खोल समुद्राकडे लोटतो, त्याच्या जागी तळचे थंड पाणी वर येते, आणि सलाला शहराच्या मागच्या टेकड्या जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत धुक्याने आणि झिमझिम पावसाने हिरव्या होतात. अरब लोक या ऋतूला ‘खरीफ’ म्हणतात. आपल्या शेतकऱ्यांच्या आणि महसूल दफ्तरांच्या तोंडी असलेला खरीप तो हाच. एकच वारा एका काठावर पाऊस होतो आणि दुसऱ्या काठावर धुके.

कॅलिफोर्नियात हेच कार्य वायव्येचा वारा करतो. वसंत आणि ग्रीष्म या दोन्ही ऋतूंत तो किनाऱ्याला धरून वाहतो, पृथ्वीच्या परिवलनामुळे पृष्ठभागाचे पाणी उजवीकडे म्हणजे पश्चिमेकडे सरकते आणि खालचे गार पाणी वर येऊन किनाऱ्यालगत एक थंड पट्टा तयार होतो. ऐन जुलैमध्ये तेथील समुद्रात पाय घालणाऱ्यास बारा-तेरा अंशांच्या पाण्याचा चटका बसतो. प्रशांत महासागरावरून आलेली दमट हवा या पट्ट्यावरून सरकताना निवते आणि तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म थेंब होतात. वर, काही शे मीटरांवर, उच्च दाबाच्या प्रदेशातून खाली उतरणारी कोरडी, उष्ण हवा झाकणासारखी बसलेली असते; उंचीबरोबर हवा थंड होत जावी या सर्वसाधारण न्यायाच्या विरुद्ध, येथे वरची हवा खालच्यापेक्षा गरम असते, आणि हवामानशास्त्रात तापमानाची विपरीतता म्हणतात ती हीच. झाकण पक्के असेपर्यंत धुक्याला वर जाता येत नाही. त्याला वाट उरते ती आडवी. ती वाट देशाच्या आतल्या बाजूने खुली होते. किनारी डोंगररांगेपलीकडच्या मध्य खोऱ्यात उन्हाळ्याच्या दुपारी पारा अडतीस-चाळीस अंशांपर्यंत चढतो, तेथील हवा तापून हलकी होते, दाब उतरतो, आणि समुद्रावरचा थंड थर त्या दिशेने ओढला जातो. डोंगरांची रांग त्याला अडविते. तिच्यात समुद्रसपाटीला मिळणारी मोठी खिंड एकच, आणि ती म्हणजे गोल्डन गेट. दुपारी चार-पाचच्या सुमारास धुके या खिंडीतून आत शिरते, रात्री त्याचा वरचा पृष्ठभाग उष्णता गमावून अधिक दाट होतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा ते पुन्हा समुद्राकडे हटते.

हे सारे विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, छायाचित्रकाराची सायंकाळ आणि धुक्याची चढाई यांची वेळ एक असणे हा योगायोग नव्हे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वारा मंदावतो, किनारा स्वच्छ होतो, आणि प्रवासी त्या दिवसांची वाखाणणी करतात. या कलेच्या दृष्टीने ते नापिकीचे दिवस. हिवाळ्यात कधी कधी प्रवाह उलटा होतो: मध्य खोऱ्यात थंडीच्या रात्रींनी साचलेले जमिनीचे धुके पूर्वेकडून पाण्याच्या पातळीवरून खिंडीबाहेर सरकते, आणि गोल्डन गेट पुलाचे खांब मोकळे राहून जहाजे मात्र बुडालेली दिसतात. धुक्याचा तळ किती उंचीवर आहे, हाही असाच निर्णायक तपशील. तळ शंभर-दीडशे मीटरांवर असला तर शहराला ते राखी छप्पर वाटते आणि टेकडीवरच्या माणसाला भिंत. तळ वाळूला टेकला तरच किनाऱ्यावर उभे राहून ते अंगाने अनुभवता येते. ज्याने हवामान खात्याचा अंदाज आणि दिवसभराची उपग्रहचित्रे पाहिली नाहीत त्याच्या महागड्या भिंगाचा येथे काडीचा उपयोग नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

दर्यावर्दी लोकांच्या लेखी या धुक्याची कैफियत निराळी आहे. इंग्रज खलाशी फ्रान्सिस ड्रेक १५७९ च्या उन्हाळ्यात या किनाऱ्यावर जहाजाच्या दुरुस्तीसाठी थांबला होता. त्या सफरीच्या वृत्तांतात थंडीच्या आणि कोंदट धुक्याच्या तक्रारी भरपूर आहेत, परंतु काही कोसांवर असलेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या विशाल नैसर्गिक बंदराचा उल्लेख नाही. त्यानंतर जवळजवळ दोन शतके युरोपीय जहाजे त्या खिंडीवरून येत-जात राहिली आणि ती कोणाच्याही नजरेस पडली नाही. उपसागराचा शोध लागला तो १७६९ मध्ये, आणि तोही जमिनीवरून चालत आलेल्या पोर्तोलाच्या स्पॅनिश तुकडीला; पहिले युरोपीय जहाज आत शिरावयास १७७५ साल उजाडावे लागले. पिजन पॉइंटला त्याचे नावच मुळी एका फुटलेल्या गलबतावरून, १८५३ मध्ये खडकांवर आपटलेल्या ‘कॅरिअर पिजन’वरून, मिळाले आहे. पॉइंट रेयेसचे १८७० मधील दीपगृह पाहणाऱ्यास प्रथमदर्शनी बांधणारांच्या अकलेविषयी शंका येते, कारण ते कड्याच्या माथ्यावर न बांधता तीनशेहून अधिक पायऱ्या उतरून गाठावे लागेल इतके खाली बांधलेले आहे; पण माथा बहुधा धुक्यात असतो आणि त्याखाली काही वेळा दृष्टी मोकळी राहते, हे त्या बांधकामामागचे गणित. दिव्याच्या जोडीला भोंगाही ठेवावा लागे, आणि त्याची वाफ राखण्यासाठी दीपगृहाचे नोकर भट्टीत अहोरात्र कोळसा घालीत. एवढा बंदोबस्त असूनही ८ सप्टेंबर १९२३ च्या रात्री दक्षिणेकडील होंडा पॉइंटपाशी अमेरिकेच्या नौदलाच्या सात विनाशिका एकापाठोपाठ एक खडकांवर चढल्या आणि तेवीस खलाशी मृत्युमुखी पडले. बिनतारी यंत्राने कळविलेली दिशा तांड्याच्या नायकास खरी वाटली नाही. वेग आणि काळ यांवरून केलेल्या स्वतःच्या हिशेबावर विसंबून त्याने धुक्यात तांडा पूर्वेकडे वळविला होता. संग्रहातील काळ्या खडकांची चित्रे पाहताना हा इतिहास आठवणीत असावा. हे सौंदर्य जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचे आहे.

आता प्रकाशाकडे वळू. धुक्याच्या थेंबाचा व्यास सामान्यतः दहा-वीस मायक्रॉन, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या वीस-चाळीस पट. इतक्या मोठ्या थेंबावरून सर्वच रंग जवळजवळ सारख्या प्रमाणात विखुरले जातात, म्हणून धुक्याला स्वतःचा रंग नाही. ज्या दिव्याने ते उजळेल त्याचा रंग ते धारण करते. शिवाय थेंब प्रकाशाला मुख्यतः पुढच्याच दिशेने फेकतो, त्यामुळे दिवा पाहणाऱ्याच्या समोर असला की त्याभोवती प्रभावळ फुलते आणि पाठीशी असला की समोरची हवा नुसतीच पांढुरकी होते. दिवा आणि कॅमेरा यांच्यामध्ये एखादा सायप्रस वृक्ष किंवा कठड्याचा खांब आला तर त्याची सावली जमिनीवर न पडता हवेतच पडते, तिला लांबी, रुंदी आणि खोलीही असते. येथेच या कलेचे मर्म आहे असे मला वाटते. इतर वेळी छायाचित्रकार वस्तू टिपतो आणि त्याच्या व वस्तूच्या मधली हवा जणू अस्तित्वातच नाही असे गृहीत धरतो; धुक्यात ही मधली हवाच चित्राचा विषय होते आणि वस्तू तिचे माप सांगण्यापुरत्या उरतात. जवळचा खडक काळा, त्यामागचा करडा, त्याच्याही मागचा जेमतेम असल्यासारखा: तीन खडकांच्या या उतरंडीतून अंतर प्रत्यक्ष दिसू लागते, जे स्वच्छ हवेत केवळ अनुमानाने जाणावे लागते.

संधिप्रकाशाने यात रंगाची भर पडते. सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंतच्या काळाला नागरी संधिप्रकाश म्हणतात. आपल्याकडे तो बावीस-चोवीस मिनिटांत आटोपतो, तर अडतीस अक्षांशावरच्या या किनाऱ्यावर जूनमध्ये सुमारे अर्धा तास रेंगाळतो. त्या वेळचा निळा रंग केवळ हवेच्या रेणूंवरून होणाऱ्या विकिरणाचा नसून, तिरप्या आलेल्या किरणांतील पिवळा-नारिंगी भाग वातावरणाच्या वरच्या थरातील ओझोन शोषून घेत असल्यामुळे तो इतका गाढ होतो, हे एडवर्ड हल्बर्ट या शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये दाखवून दिले. वरून झिरपणारा हा निळा प्रकाश आणि खालून पसरणारा दिव्यांचा पिवळा प्रकाश एकाच धुक्यात मिसळतात. काही मिनिटे दोघांचे बळ समसमान असते, त्याआधी दिवे निस्तेज वाटतात आणि त्यानंतर आकाश काळे पडते. पूर्वीच्या सोडियमच्या दिव्यांच्या जागी बहुतेक शहरांत पांढरे एलईडी आल्यापासून हे मिश्रण बदलले आहे आणि, माझ्या मते, बिघडले आहे. ज्या चित्रांत अंबर रंगाचा एखादा जुना दिवा शिल्लक आहे ती चित्रे म्हणूनच अधिक बोलतात.

रात्रीच्या छायाचित्रणाची परंपरा समजतो तितकी अर्वाचीन नाही. लंडनमध्ये पॉल मार्टिन याने १८९५-९६ च्या सुमारास आणि न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड स्टीग्लिट्झ याने त्यानंतर वर्ष-दोन वर्षांतच, गॅसच्या आणि विजेच्या दिव्यांखाली, ओल्या रस्त्यांवर मिनिटांच्या हिशेबाने काचा उजळल्या. ओल, बर्फ आणि धुके ही त्यांची हत्यारे होती, कारण मुळात थोडा असलेला प्रकाश त्यांनी पसरतो. ब्रासाईच्या १९३३ मधील पॅरिसच्या रात्रींच्या पुस्तकात धुके हे जवळपास एक पात्रच आहे, आणि तो घड्याळाऐवजी सिगारेट जळण्याच्या वेळेवर एक्सपोजर मोजी, ही हकीकत छायाचित्रकारांच्या गप्पांतून अद्याप निवृत्त झालेली नाही. इंग्लंडमध्ये जन्मलेला मायकेल केन्ना गेल्या शतकाच्या आठव्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोला आला आणि रात्री, पहाटे, दीर्घ एक्सपोजरने काढलेल्या त्याच्या चौकोनी कृष्णधवल चित्रांनी एक संप्रदायच निर्माण केला; आपल्या संग्रहकर्त्यांवर त्याची छाया आहे, आणि काही ठिकाणी ती गरजेपेक्षा जास्त आहे.

परंतु या मुलखाचा खरा वाद १९३२ मधला आहे. त्या वर्षी अॅन्सेल अॅडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आदी मंडळींनी ‘एफ चौसष्ट’ या नावाने एक गट स्थापून सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयात प्रदर्शन भरविले. मोठ्या कॅमेऱ्याच्या सर्वांत लहान छिद्राचा आकडा त्यांनी नाव म्हणून घेतला, कारण त्यांना जवळपासून दूरपर्यंत प्रत्येक कण रेखीव हवा होता. मऊ भिंगे वापरून, कागदावर ब्रशाने हात फिरवून छायाचित्राला चित्रकलेचा मुलामा देणाऱ्या आधीच्या पिढीविरुद्ध हे उघड बंड होते. ज्या शहराला उन्हाळाभर धड पलीकडचा किनारा दिसत नाही त्याच शहरात रेखीवपणाचा हा जाहीरनामा निघावा, याची मला मौज वाटे. विचारांती वाटते की यात विसंगती नाही. भिंगाने आणलेली अस्पष्टता सगळ्या चित्रावर सारखी पसरते, जवळच्या दगडावर जितकी तितकीच दूरच्या टेकडीवर. हवेतील अस्पष्टता अंतराच्या प्रमाणात वाढते, पायाशी असलेल्या शेवाळाचा तंतू न् तंतू दाखविते आणि वीस पावलांवरचा खडक झाकते. हा फरक टिपावयाचा तर भिंग अव्वल रेखीवच हवे. अॅडम्सचे त्याच वर्षीचे, पूल बांधला जाण्यापूर्वीच्या गोल्डन गेटचे प्रसिद्ध चित्र ढगांच्या प्रचंड राशींचे आहे, धुक्याचे नाही. तरी पाण्यावरची प्रत्येक हवा जपून वाचण्याची त्याची शिस्त धुक्यात काम करणाऱ्यास फार उपयोगी पडते.

एक्सपोजरचा प्रश्न किचकट आहे, पण त्यातला एकच मुद्दा येथे पुरे. फिल्मच्या जमान्यात मोजणी दहा सेकंदांची निघाली तर प्रत्यक्षात तिच्या दुप्पट-तिप्पट वेळ द्यावा लागे, कारण मंद प्रकाशात फिल्मची ग्रहणशक्ती घटते. या घटीचा नियम ताऱ्यांची चित्रे घेताना ज्याने बसविला तो कार्ल श्वार्ट्‌शिल्ड पुढे कृष्णविवरांच्या गणितामुळे अधिक विख्यात झाला. डिजिटल सेन्सरला ती घट नाही आणि चित्र तत्काळ पडद्यावर दिसते, म्हणून नव्या मंडळींना वेळ हवा तितका लांबविण्याचा मोह होतो. दोन-तीन मिनिटे शटर उघडे ठेवले की लाटांचे दूध होते आणि धुक्याचे लोळ पुसले जाऊन एकसारखा लेप उरतो. पाच-दहा सेकंदांत लोळाचा आकार शिल्लक राहतो, त्याची दिशा कळते, तो कोठून आला आणि कोठे निघाला हे चित्रात वाचता येते. संग्रहात दोन्ही प्रकार आहेत आणि माझा कौल निःसंशय दुसऱ्या प्रकाराला आहे.

जाता जाता थोडा व्यवहार. थंड, दमट हवेत भिंगावर दंव धरते, ते मऊ फडक्याने वारंवार टिपावे लागते, आणि घरी परतल्यावर ट्रायपॉडचे सांधे गोड्या पाण्याने धुतले नाहीत तर मीठ ते खाऊन टाकते. पुष्कळ किनारी उद्याने सूर्यास्ताबरोबर बंद होतात. नियमांची पाटी वाचावी आणि जेथे परवाना लागतो तेथे तो आधी काढावा. सर्वांत मोठा धोका लाटांचा. बराच वेळ समुद्र शांत राहून अकस्मात एखादी लाट नेहमीच्या रेषेपलीकडे कित्येक मीटर चढते आणि कोरड्या खडकावरच्या माणसाला ओढून नेते; धुक्यात ती येताना दिसत नाही आणि कॅमेऱ्यात डोळा घातलेल्यास तिचा आवाजही उशिरा कळतो. भरती-ओहोटीचे कोष्टक पाहिल्याशिवाय आणि सोबती असल्याशिवाय अंधारात वाळूवर उतरू नये.

संग्रहाविषयी दोन शब्द. धुक्याच्या पांढऱ्या पसाऱ्यातून वर डोकावणाऱ्या गोल्डन गेट पुलाच्या मनोऱ्यांची चित्रे येथेही आहेत, आणि ती निर्दोष आहेत. परंतु समोरच्या मरीन टेकड्यांवरून घेतलेले हे दृश्य इतक्या हातांनी इतक्या वेळा उतरविले आहे की त्यात छायाचित्रकाराचा हात ओळखू येत नाही. ती तीन-चार पाने वाचकाने बेलाशक उलटावीत. खरी कमाई अनाम जागांची आहे: बंद झालेल्या उपाहारगृहाचा ओलसर वाहनतळ, एका दिव्याखाली संपणारा कठडा, पॉइंट रेयेसच्या वाटेवरची गाईगुरांची कुरणे, जेथे कुंपणाचे खांब एकामागून एक फिके होत जातात. अशा चित्रांत हवा दिसते. अमेरिकन किनाऱ्याची ओळख मराठीत अशा रीतीने करून दिल्याबद्दल संग्रहकर्त्यांचे आभार मानतो, आणि एक काम सुचवितो. ढोफारच्या किनाऱ्यावर दरवर्षी तीन महिने धुके उतरते, ते आपल्याच मोसमी वाऱ्याने आणलेले असते, आणि ओमानमध्ये नोकरी करणारी मराठी माणसे थोडी नाहीत. त्यांपैकी ज्यांच्यापाशी कॅमेरा आणि सवड आहे त्यांनी सलालाची सायंकाळ हाती घ्यावी, म्हणजे एका काठावरचा पाऊस आणि दुसऱ्या काठावरचे धुके एकाच पुस्तकात समोरासमोर छापता येतील.